जिरी-मिरीचं बाळंतपण

निनादरावांनी गाडीचं मागचं दार उघडलं, तर सीटवर पट्टा लावून एक पिंजरा बसवलेला. माझी नजर पिंजऱ्यावरून पुढच्या सीटवर गेली आणि तिथून परत मागे आली. माझी लेक केतकी येणार नाही हे मला आदल्या दिवशीच फोनवर कळलं होतं. तरी नजर फिरलीच.

"आई, ही जिरी आणि ही मिरी," जावई म्हणाले. "दोघींचे दिवस भरत आलेत. केतकीला डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलंय आणि मी दिवसभर ऑफिसात. यांचं बघणार कोण? तुमच्याशिवाय दुसरं नावच सुचेना."

पिंजऱ्यात दोन प्राणी एकमेकींना चिकटून बसले होते. उंदरापेक्षा मोठे, खारीपेक्षा गुबगुबीत, शेपटीच्या टोकाला काळा झुपका, आणि पोटं अशी की बसल्यावर चारी बाजूंनी पसरलेली. देगू म्हणतात त्यांना, कुठल्या तरी परदेशी डोंगरातले. पुण्यातल्या दुकानदारानं केतकीला तिघी बहिणी म्हणून विकल्या होत्या. त्यातली तिसरी बहीण चांगला दांडगा नर निघाला आणि व्हायचं ते झालं. तो नवरोबा पुण्यातच राहिला होता.

खालच्या सोप्यातून शालनअक्का बाहेर आल्या. माझ्या थोरल्या जाऊबाई. कमरेवर हात ठेवून त्यांनी पिंजऱ्याकडे पाहिलं.

"पोर यायची ती ऱ्हायली, आणि उंदरं आली व्हय बाळंतपणाला?"

जावयासमोर मी हसले, पण ते मला लागलं. पोर राहिली नव्हती. अक्कांनीच तिला येऊ दिलं नव्हतं.

आमचं इचलकरंजीतलं घर दुमजली, मागे बारा मागांची शेड. खाली अक्का, त्यांचा मुलगा संग्राम आणि सून रेणुका. वर आम्ही दोघं. थोरले दीर गेल्यापासून घरात शब्द चालायचा तो अक्कांचा. त्या वर्षी रेणुकाचे दिवस मार्गशीर्षात भरणार होते. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण इथंच व्हायचं होतं. आणि केतकीलाही नेमका मार्गशीर्षच. पहिलटकरीण माहेरी येते, सगळ्या जगात येते. पण आमच्या घरात एक नियम होता. एका छपराखाली, एका हंगामात, दोन बाळंतपणं होऊ द्यायची नाहीत. दोघांतलं एक मूल दुसऱ्याला भारी पडतं म्हणे.

हे दुसरं कुणी म्हणालं असतं तर मी कडाकडा भांडले असते. बावीस वर्षं मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं. ह्यांची बायपास झाली म्हणून नोकरी सोडली, पण बोलायची खोड सुटली नव्हती. अक्कांपुढे मात्र माझी जीभ उचलायची नाही. कारण अठ्ठावीस वर्षांपूर्वी या घरात एका छपराखाली दोन बाळंतपणं झाली होती. एक त्यांचं आणि एक माझं. मलाही आई नव्हती, म्हणून मीही इथंच होते. अक्कांचा मुलगा तिसऱ्या दिवशी गेला. त्यानंतर पाच दिवसांनी माझी केतकी झाली. ती जगली.

माझं बाळंतपण काही धड झालं नाही. तापानं फणफणून मी अठरा दिवस दवाखान्यात होते, बहुतेक दिवस बेशुद्धच. बाळ इकडे घरी, सासूबाईंपाशी. आम्ही दोघी जावा त्यांना आत्याबाई म्हणायचो. मी परत आले तोवर माझं दूध आटलं होतं. केतकी वरच्या दुधावर वाढली. पुढे तिला सर्दी झाली, शाळेत चक्कर आली, बारावीला मार्क कमी पडले, काहीही झालं की मी मनात म्हणायचे, वरच्या दुधाची पोर, दुसरं काय होणार! म्हणूनच तिचं बाळंतपण मला माझ्या हातानं करायचं होतं. शेकशेगडी, तेल, खसखशीची खीर, सगळं. माझ्याकडून एकदा राहिलेलं भरून काढायची तेवढी एकच संधी होती.

मी पुण्याला जावं तर ह्यांना सोडता येत नव्हतं. अक्कांनी तोडगा काढला होता, समोरच्या गल्लीत खोली घेऊ, तिथं कर. तो ऐकून केतकी फोनवर म्हणाली, "माझं घर असताना मी भाड्याच्या खोलीत बाळंत होऊ? राहू दे, आई. मी इथंच बघते काहीतरी."

पिंजरा वर नेताना माझ्या मनात एक विचार आला. दोन पोटुशी जीव, एक छप्पर, एकच महिना. दोघी सुखरूप सुटल्या की अक्कांना हाताला धरून पिंजऱ्यासमोर उभं करायचं आणि म्हणायचं, बघा. विज्ञानाच्या बाईचा प्रयोगच म्हणा. त्या प्रयोगावर माझ्या लेकीचं माहेरपण लावून मी मोकळी झाले.

केतकीचा रोज फोन.

"आई, गोड अजिबात द्यायचं नाही. गूळ नाही, फळ नाही. त्यांना साखर पचत नाही, डोळे जातात."

"बाळंतिणीला गूळ नाही?"

"नाही! सुकं गवत, मी पाठवलेलं खाणं आणि पाणी. आणि उचलताना शेपटीला धरू नकोस. कातडी सुटून हातात येते."

मी सगळं वहीत लिहून घेतलं. गवत आणलं, प्लॅस्टिकचं काही राहू दिलं नाही, अंग घोळायला वाळूचं ताट ठेवलं. त्या वाळूत दोघी आळीपाळीनं लोळायच्या आणि मग एकमेकींच्या मानेवरची वाळू दातांनी काढत बसायच्या. आमचे हे आरामखुर्ची ओढून तासन् तास बघायचे. बायपासनंतर पहिल्यांदाच त्यांनी पेपर बाजूला ठेवला.

चौथ्या दिवशी मी बाजारातून आले तर अक्का वर पिंजऱ्यापाशी बसलेल्या. हातात डिंकाचा लाडू. त्याचा तुकडा मोडून त्या सळ्यांमधून आत सरकवत होत्या आणि जिरी दोन्ही पायांवर उभी राहून तो घेणार एवढ्यात मी ओरडले.

"अक्का, विष आहे ते यांना!"

"लाडू?" अक्का माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगं, घरच्या तुपातला हाय!"

"साखर चालत नाही यांना. केतकीनं बजावलंय."

"असली कसली बाई बाळंतीण!" असं म्हणून अक्कांनी तो तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला. दुसऱ्या दिवशी मात्र त्या जिन्यातूनच विचारत आल्या, "कोथिंबिरीची काडी चालती का गं?" ती चालत होती. मग रोज सकाळी कोथिंबीर वर यायला लागली. मला वाटलं, प्रयोग लागू पडतोय.

आणि मग एका सकाळी काडी देता देता त्या म्हणाल्या, "दोघींस्नी एकाच पेटीत ठेवलीयास व्हय?"

"त्या अशाच राहतात, अक्का."

"ऱ्हात असतील एरवी. बाळंतपणाला न्हाई. एक तरी दगावंल बघ."

रागानं म्हणाल्या असत्या तर मी ऐकलं नसतं. पण त्यांचा आवाज बारीक झाला होता, आणि बोलताना त्यांनी पिंजऱ्याकडे पाठ केली. ती भीती खरी होती, आणि खरी भीती सर्दीसारखी लागते. दिवसभर माझ्या डोक्यात तेच. खरंच एखादी दगावली तर? मग माझा प्रयोग माझ्याच अंगावर येणार. अक्का एक शब्द बोलणार नाहीत, आणि केतकीच्या नावानं या घराचं दार कायमचं लागेल.

केतकीला न विचारता मी दोघींना वेगळं केलं. बावीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईनं. संग्रामनं शेडमधली जाळी घेऊन दुसरा पिंजरा बांधून दिला. तो कुठे ठेवायचा या विचारात मी असताना अक्काच म्हणाल्या, "एक माझ्याकडं दे. जिरीला दे. सोप्यात ठीव."

मिरी वर राहिली. त्या दिवसापासून तिनं खाणं टाकल्यातच जमा. वाळूकडे ढुंकून बघेना. पिंजऱ्याच्या जिन्याकडच्या कोपऱ्यात तोंड करून बसायची. मी गवताची जागा बदलली, पिंजऱ्याची बाजू बदलली, तरी ती फिरून त्याच कोपऱ्यात. दिवस भरलेत म्हणून करत असेल, असं मी स्वतःलाच समजावलं. फोनवर केतकीला म्हणायचे, "छान आहेत दोघी." ते खोटंही नव्हतं आणि खरंही नव्हतं.

आमच्याकडे माग चालू असले की घरात बारीकसारीक आवाज ऐकू येत नाहीत. आठवड्यातून एक दुपार लाईट जायची आणि तेवढाच वेळ घर गप्प व्हायचं. त्या दुपारी माग थांबले आणि मिरीचा आवाज आला. चिवचिव नव्हे, जरा लांबवलेला, प्रश्न विचारल्यासारखा. ती थांबली. खालून, सोप्यातून, तसाच आवाज आला. मग पुन्हा ही. मग पुन्हा ती.

मी बाहेर आले तर अक्का जिन्याच्या मधल्या पायरीवर कठडा धरून उभ्या.

"ती खालनं बोलती, ही वरनं," त्या म्हणाल्या. "किती दिवस चाललंय हे?"

"प्राणी आहेत, अक्का. आवाज करायचेच."

"व्हय." अक्कांनी कठडा सोडला. "प्राणीच की," असं म्हणून खाली गेल्या.

दसरा चार दिवसांवर असताना सकाळी खालून हाक आली. "हेमाऽ! ये लवकर!" अक्कांनी असा आवाज मी नवी नवरी असतानासुद्धा काढला नसेल. धावत गेले. जिरी गवतात पसरून बसली होती आणि तिच्या पोटाखालून चार तोंडं बाहेर आलेली. अंगावर लव, डोळे टक्क उघडे. एक तर चक्क उठून चालायला लागलं.

"डोळं उघडूनच आलीत गं!" अक्का पुन्हापुन्हा म्हणत होत्या. "आल्या आल्या सगळं बघायलीत!" रेणुका पोट सावरत शेजारी बसली होती. तिच्या चेहऱ्यावर असं हसू होतं की मला केतकीची फार आठवण आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध तापवून मिरीकडे गेले. तीही सुटली होती. पाच पिल्लं होती. पण ती त्यांच्यावर बसली नव्हती. आपल्या त्याच कोपऱ्यात, जिन्याकडे तोंड करून. पिल्लं गवतात विखुरलेली. चार वळवळत होती. एक हलत नव्हतं.

मी काय केलं ते सांगायला आजही लाज वाटते. आधी जिवंत पिल्लांना आईपाशी सारायचं सोडून मी मेलेलं पिल्लू रुमालात गुंडाळलं आणि गॅलरीतल्या शेवंतीच्या कुंडीत पुरलं. अक्कांना कळू नये म्हणून. हात धुतले. मग पिल्लं मिरीजवळ ठेवली. तिनं हुंगली, आणि पुन्हा कोपऱ्यात गेली. तासाभरानं हात लावला तर चौघंही गार लागायला लागली होती.

मी केतकीला फोन लावला आणि सगळं ओकून टाकलं.

 ती म्हणाली, "वेगळं केलंस? आई, का?"

"मला भीती वाटली गं."

"अगं, त्या एकमेकींची पिल्लं पाजतात. एकाच घरट्यात सगळी वाढवतात. एकीला नाही जमलं तर दुसरी पाजते. म्हणून तर दोघींना एका पिंजऱ्यात पाठवलं मी! आत्ताच्या आत्ता एकत्र कर."

"इतक्या दिवसांनी भांडल्या तर?"

"जिरीचं गवत पिल्लांना लाव. आधी पिल्लं दे, मग मिरीला. आणि बाजूला बसून राहा." मग ती म्हणाली, "मोठ्या आईला सांग. तिच्यासमोर कर. लपवू नकोस काही."

केतकी अक्कांना लहानपणापासून मोठी आई म्हणते. त्यांच्या नियमामुळे तिचं माहेर तुटत होतं, तरी त्या क्षणी तिला त्यांचंच नाव सुचलं. मला तिचा रागही आला आणि रडूही आलं.

पदराच्या ओटीत चार पिल्लं घेऊन मी जिना उतरले. दुसऱ्या हातात मिरीचा पिंजरा. अक्का सोप्यात जिरीच्या पिंजऱ्यापाशी पाटावर बसून होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नुसते हात पुढे केले. मी पिल्लं त्यांच्या ओंजळीत ठेवली.

"गार पडलीत गं ही," असं म्हणून त्यांनी चौघांना पदरात गुंडाळून छातीशी धरलं आणि तोंडानं पदरावर ऊन फुंकर घालायला लागल्या. इतकं सवयीचं होतं ते. जणू रोज करतात.

"अक्का, पाच होती," मी म्हटलं. "एक गेलं. मी तुमच्यापासून लपवलं."

"ठाऊक हाय. फुलं तोडायला अंगणात गेलते. वर कुंडी उकरताना बघितली तुला."

"तुम्ही बोलला नाहीत."

"काय बोलायचं? मी सांगितलंतं तसंच झालं, म्हणायचं?" त्या पिल्लांकडेच बघत होत्या. "वेगळी ठेवली, तरी गेलंच की एक."

मी जिरीच्या घरट्यातलं मूठभर गवत काढून दिलं. अक्कांनी ते एकेका पिल्लाच्या पाठीवर हलक्या हातानं चोळलं आणि एकेक करून जिरीच्या समोर ठेवलं. जिरी उठली. पहिलं पिल्लू हुंगलं, दुसरं हुंगलं.  रेणुका दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मग जिरीनं पहिल्या पिल्लाला पुढच्या पायांनी ओढून पोटाखाली घेतलं. दुसरं आपणहून सरकत गेलं. तिसरं, चौथं. आठ पिल्लांवर ती अशी पसरली की चारी बाजूंनी नुसत्या शेपट्या दिसत होत्या.

मग मी मिरीला आत सोडलं. जिरीनं दात वाजवले. मिरी दारातच दबून बसली. कितीतरी वेळ दोघी हलल्या नाहीत. मग मिरी इंच इंच पुढे आली आणि तिनं जिरीच्या मानेला तोंड लावलं. वाळू काढायच्या त्याच जागी. जिरीनं डोळे मिटले. थोड्या वेळानं मिरी तिच्या शेजारी आडवी झाली, आणि दोन पिल्लं या पोटाकडून त्या पोटाकडे गेली. ती कुणाची होती ते आम्हाला कुणालाच सांगता आलं नसतं.

"पाजायली बघ," अक्का म्हणाल्या.  मी वळून पाहिलं तर त्यांच्या डोळ्यांतून धार लागलेली. शालनअक्कांना रडताना मी आयुष्यात दोनदाच पाहिलं. बाळ गेलं तेव्हाही त्या माझ्यासमोर रडल्या नव्हत्या. दीर गेले तेव्हा एकदा, आणि हे.

"अक्का, काय झालं?"

त्यांनी रेणुकाला पाणी आणायच्या निमित्तानं आत धाडलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुझी पोर वरच्या दुधावर वाढली न्हाई."

मला कळेना. "म्हणजे?"

"अठरा दिस तू दवाखान्यात. हिला बाटली तोंडात धरवंना. रडून रडून काळी-निळी व्हायची. आणि माझं दूध..." त्यांनी पदर छातीशी धरला. "माझा जाऊन पाच दिस झालंतं. पदर भिजायचा माझा, हेमा. कुणासाठी ते त्याला कुठं ठाऊक हुतं? एका दुपारी आत्याबाई न्हाणीत हुत्या, पोर रडायली, आणि मी उचलली. तवापास्नं पाजली. तू यायच्या आदल्या दिसापर्यंत."

सोप्यात मागांची खडखड भरून राहिली होती. मला ती ऐकूच येत नव्हती.

"मला का नाही सांगितलंत?"

"आत्याबाईंनी शपथ घातली. जिचं मूल गेलं तिचं दूध पाजलं म्हटल्यावर तुझ्या मनात किंतू ऱ्हाईल, म्हणाल्या. आणि..." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "खरं सांगू? मलाच लाज वाटायची. माझं लेकरू मातीत जाऊन आठवडा झाला न्हवता, आणि तुझी पोर छातीला लागली की मला बरं वाटायचं. कुठल्या आईला असं बरं वाटंल गं?"

मी त्यांचा हात धरला. तो गवतानं आणि पिल्लांच्या वासानं भरलेला होता.

"आणि मग छपराचा नियम?" मी विचारलं. विचारू नये असं वाटत होतं, पण त्या दिवशी विचारलं नसतं तर कधीच विचारलं नसतं.

"माझ्या पोराच्या काळजालाच भोक हुतं. डॉक्टरनं सांगितलंतं. कळत नव्हतं असं न्हाई मला." अक्का पिंजऱ्याकडे बघत म्हणाल्या. "पण कुणाला तरी दोष द्यायचा हुता. तुला द्यायला मन धजंना. तुझी पोर पाजलेली मी. म्हणून छपराला दिला."

आत रेणुकाच्या हातातलं भांडं वाजलं. तिनं किती ऐकलं होतं कोण जाणे. ती पाणी घेऊन आली, अक्कांना दिलं, आणि जराशी अवघडत त्यांच्या पाटाशेजारी खाली बसली. अक्कांनी तिच्या पोटावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं माझ्यापुढे बोटं नाचवली.

"फोन आण तुझा. पोरीला लाव."

मी लावला आणि स्पीकरवर टाकला.

"आई? काय झालं? घेतली का पिल्लं?" केतकीचा घाबरा आवाज.

"घेतली," अक्का म्हणाल्या. "आठीच्या आठी घेतली तुझ्या उंदरानं."

"मोठी आई?"

"डॉक्टरला इचार, गाडीत किती येळ बसवंल तुला. मधे मधे थांबत, सावकाश यायचं. खालचीच खोली देती, जिना नको तुला. रेणुकाच्या शेजारची."

 केतकी म्हणाली, "पण मोठी आई, एका छपराखाली..."

"छप्पर माझं हाय," अक्का म्हणाल्या. "मी बघून घेती त्याचं."

डॉक्टरांनी पंधरा दिवसांनी परवानगी दिली. केतकी आली तेव्हा पिल्लं पिंजरा डोक्यावर घेत होती आणि अक्कांनी त्यांना नावं ठेवून संपवली होती, सगळी मसाल्याच्या डब्यातली. जिरी-मिरीची पिल्लं वेगळी ओळखायचा आम्ही प्रयत्न केला, पण जमलं नाही.

रेणुकाला मुलगी झाली. तिच्यानंतर बाराव्या दिवशी केतकीला मुलगा झाला. घरात दोन पाळणे लागले, दोन शेगड्या पेटल्या, आणि डिंकाचे लाडू दोन्ही बाळंतिणींना पुरून उरले. ते एकदाचे खाणारं कुणीतरी मिळालं म्हणून अक्का खूश होत्या.

दवाखान्यातून घरी आणल्याच्या दुसऱ्या दुपारी केतकीचं बाळ रडायला लागलं. तिला दूध पुरेसं उतरलं नव्हतं. ती रडकुंडीला आलेली. मी बाटली उकळायला उठणार एवढ्यात अक्का आत आल्या. त्यांनी केतकीकडे एकदा पाहिलं, केतकीनं मान हलवली. अक्कांनी बाळ उचललं आणि शेजारच्या खोलीत गेल्या. रेणुका आपल्या लेकीला पाजून नुकतीच आडवी झाली होती. ती उठून बसली आणि तिनं हात पुढे केले.

रडणं थांबलं. मी दारात उभी होते. या वेळी मी तापात नव्हते. सगळं डोळ्यांनी बघितलं.

अक्का तिथून बाहेर येताना माझ्यापाशी थांबल्या. मला वाकून पाया पडायचं होतं, पण त्यांनी मला वाकूच दिलं नाही.

"बास की," त्या म्हणाल्या. "जा, केतकीला लाडू दे एक. हिला चालतो न्हवं?"

"चालतो," मी म्हटलं.